तिबेटी कपाटातली आमची पोथी

मंठाळहून मी निघालो त्या दिवशी अप्पा गाडीत बसलेच नाहीत. बैलांच्या तोंडासमोर चालत राहिले, त्यामुळे गाडीवान भीमण्णाला सारखे कासरे ओढून धरावे लागत होते. "अप्पा, बसा की वर. उशीर व्हायलाय. हुमनाबादची मोटार काय आपल्यासाठी थांबनार हाय व्हय?" असं तो दोनदा म्हणाला. अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ओढ्यापाशी आल्यावर थांबले, कमरेच्या पिशवीतून इबत, म्हणजे विभूती, काढली, तीन बोटं माझ्या कपाळावरून ओढली आणि माझ्या सदऱ्यात हात घालून गळ्यातलं लिंग जागेवर आहे ना, ते चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "शिवू, कुटं बी जा, काय बी कर, पर आपलं नाव दफ्तरात चढवून घे. एकदा दफ्तरात चढलं की मग कुनाच्या बापाची भीती न्हाई."

लोकांचे वडील निघताना खरं बोल, व्यसन करू नको असं काहीबाही सांगतात. आमच्या वडिलांनी दफ्तर सांगितलं. त्यालाही कारण होतं. मी लहान असताना आमच्या विहिरीकडच्या पट्टीवर एका बड्या घरानं हक्क सांगितला होता. अप्पा चार वेळा तहसिलीत पायी गेले. शेवटी कुणी एका अहलकारानं, म्हणजे कारकुनानं, जुनं रजिस्टर उघडलं, त्यात आजोबांचं नाव निघालं आणि पट्टी वाचली. त्या दिवसापासून अप्पांच्या लेखी देवानंतर रजिस्टर.

अक्का ओढ्यापर्यंत आली होती. आई मी चार वर्षांचा असतानाच गेली, त्यामुळे मला वाढवलं ते या माझ्या थोरल्या बहिणीनं. तिला गावातच दिली होती, म्हणून माहेर तिला सुटलं नाही. ती रडली नाही. लोणच्याची बरणी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आडवी करू नकोस. न्हाईतर समदं धोतर तेलाचं करशील, मग तिथली मानसं म्हनतील, कुटलं खेडवळ आलंय." बरणी राजेश्वर गावाच्या अलीकडेच आडवी झाली. धोतराचं व्हायचं ते झालं.

हे सगळं मी आता का लिहितोय? अक्कासाठी लिहितोय. तिला वाचता येत नाही, मठातले मास्तर तिला वाचून दाखवतील. त्यांनी मधलं काही गाळू नये एवढी विनंती आहे. आणि तुमच्यासाठीही लिहितोय, जे माझ्यासारखे हुमनाबाद-राजेश्वरच्या बाजूनं निघाले आणि हैदराबादेत कुठल्या ना कुठल्या खुर्चीत जाऊन बसले. तुम्ही सुट्टीत गावी जाता, गूळशेंगा खाऊन येता आणि आपण गावाला धरून आहोत असं समजता. मीही समजत होतो.

आमच्या घरात एक पोथी होती. जाड हातकागदाची लांबट सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, त्यावर तांबडं कापड आणि सुती दोरी. लिपी कानडी. श्रावणात गावच्या मठात महिनाभर पुराण लागायचं ते याच पोथीचं, आणि वाचणारा आमच्याच घरातला. अप्पा कानडी पद म्हणायचे, मग मराठीत अर्थ सांगायचे, कारण समोर बसलेल्यांत निम्म्यांच्या घरात कानडी आणि निम्म्यांच्या घरात मराठी. पोथी उघडल्याशिवाय पुराण लागत नाही, हा नेम. नुसतं तोंडपाठ म्हटलं तर लोक ऐकून घेतील, पण त्याला पुराण म्हणणार नाहीत. आमच्याकडे जमीन बेताची, घर बेताचं. गावात मान होता तो या पोथीमुळे, आणि अप्पांना तेवढाच पुरत होता.

मला ती वाचता येत नव्हती. मी शिकलो उर्दूत. बोलायला मराठी-कानडी दोन्ही यायच्या, पण कानडी अक्षर कधी गिरवलं नाही. अप्पा म्हणायचे, "आदी सरकारी भाषा शीक. आपली काय, घरातच हाय." मला यायची ती पोथी बांधायची कशी ते. पानं सारखी करायची, फळ्या बसवायच्या, कापडाचं टोक कुठून आत घ्यायचं, दोरीचा वेढा किती घट्ट. ते अप्पांनी माझ्या हातून वर्षानुवर्षं करून घेतलं होतं.

आणि गंमत अशी, की शहरात माझी उर्दू चालली नाही, ती बांधणी चालली.

विद्यापीठाच्या कुतुबखान्यात, म्हणजे ग्रंथालयात, मला अहलकाराची जागा मिळाली. तिथं माझ्यापेक्षा दसपट चांगली उर्दू बोलणारे लोक शेरवानी घालून फिरत होते. मी बोललो की शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसायचं. पहिली तीन वर्षं मी कपाटांवरची धूळ झाडली आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. तेवढ्यात तिबेटी ग्रंथ आले.

फौजेबरोबर कधीकाळी तिबेटात जाऊन आलेला एक गोरा डॉक्टर सिकंदराबादेत म्हातारा होऊन वारला होता. त्याच्या बायकोनं त्याचा सगळा संग्रह विद्यापीठाला दिला. लाकडी पेट्या आल्या. पेट्यांत कापडावर रंगवलेली देवांची चित्रं, पितळी दिवे, घंटा, आणि पन्नासएक ग्रंथ. पेटी उघडली आणि मी वाकून पाहिलं. लांबट सुटी पानं, वर-खाली फळ्या, कापड, पट्टा! आमच्या दफ्तरीनं, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्यानं, आयुष्यभर शिवलेली, पुठ्ठ्याची किताबं पाहिलेली. तो म्हणाला, सुटी पानं हरवतील, भोकं पाडून शिवून टाकतो. सुई हातात घेऊनच उभा होता. मी त्याचा हात धरला. मग सगळ्यांसमोर एक ग्रंथ सोडला, पानं सारखी केली आणि आमच्या घरच्या पद्धतीनं पुन्हा बांधून दाखवला.

कुतुबखान्याच्या मुख्य अधिकाऱ्याला मोहतमीम म्हणत. आमचे मोहतमीमसाहेब पाहत होते. "मियां, ये कहां से सीखा?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "घर से, साहब." दुसऱ्या दिवसापासून तिबेटी विभाग माझ्या ताब्यात आला. मला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली आणि शेजारच्या टेबलावरचं हसू थांबलं. अप्पांना पत्रात कळवलं, नाव दफ्तरात चढलं.

ग्रंथांची यादी करायला दार्जिलिंगकडून एक वयस्क लामा बोलावले होते. आम्ही त्यांना लामाजी म्हणायचो. मोडकी हिंदी, सतत वाहणारा घाम आणि चेहऱ्यावर कायम अशी मुद्रा, की आपण चुकून इथं उतरलो. ते एकेक ग्रंथ आधी कपाळाला लावायचे, मग सोडायचे. नाव सांगायचे, मी उर्दूत लिहायचो. त्यांच्या देशात थंडीनं शाई गोठते म्हणे. इथं त्यांच्या बोटांचा घाम पानावर पडू नये म्हणून मी शेजारी टॉवेल घेऊन बसायचो. माझं या शहरात खऱ्या अर्थानं जमलं ते याच एका माणसाशी, कारण आम्हां दोघांनाही इथं काही धड बोलता येत नव्हतं.

यादी पुरी होत आली तेव्हा मोहतमीमसाहेबांनी मोठा जलसा ठरवला. उमराव येणार, बडे अंमलदार येणार, डॉक्टरची बायको येणार. चित्रं टांगायची, दिवे लावायचे, लामाजींनी मंत्र म्हणायचे आणि मधोमध काचेच्या कपाटात बारा निवडक ग्रंथ उघडून मांडायचे. कपाट बाराच्या मापानं करून आलं, आणि मग कळलं की निवडलेल्यांपैकी एकाला वाळवीनं आतून पोखरलंय. बाकीचे आकारानं लहान. अकरा मांडले तर कपाटात मधेच पडलेल्या दातासारखी जागा दिसायची. मोहतमीमसाहेब हळहळले.

तिथं माझ्या जिभेला खाज सुटली. मी म्हणालो, "साहब, बिलकुल ऐसी ही एक पोथी हमारे घर में है."

कुणी मागितली नव्हती. मला खरं सांगायचं तर हौस होती. ज्या लोकांनी माझ्या बोलण्याला हसून घेतलं त्यांनी माझ्या घरची पोथी काचेत पाहावी, तिच्यावर विजेचा दिवा लागावा, असं मला फार वाटलं. ती आपली नव्हे, अप्पांची आहे, हे त्या वेळी डोक्यात आलंच नाही.

संक्रांत झाल्यावर चार दिवसांची रजा काढून गेलो. अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "श्रावनाच्या आत यील न्हवं?"

"महिन्यात आणून देतो, अप्पा."

"तितं हरपली बिरपली तर?"

"रजिस्टरात नोंद करतो की. शिक्का मारून."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग काय. दफ्तरात चढली म्हंजे झालं." स्वतः उठून देव्हाऱ्यातून पोथी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "अप्पा, कामून द्यायलाव? श्रावनात काय करताव मग?" अप्पा म्हणाले, "आपला शिवू हाय तितं." अक्काचा चेहरा त्या वेळी वेगळाच झाला होता. ती आणखी काही बोलणार होती, पण अप्पांनी तिच्या दिशेनं नुसता हात वर केला. मला वाटलं, बायकांचा धास्तावलेला स्वभाव.

शहरात आल्याबरोबर मी पहिलं काम ते केलं. कुतुबखान्यात नियम असा, की रजिस्टरात असलेल्या चिजेची जबाबदारी सरकारची. नसलेली चीज गेली तर पहारेकरी हात वर करणार. दुसरा कुणी असता तर त्यानं पोथी आपल्या टेबलाच्या खणात ठेवली असती, जलशाच्या सकाळी मांडली असती आणि संध्याकाळी घरी नेली असती. पण मी मंठाळचा, अप्पांचा मुलगा. मी ती रजिस्टरात चढवली. पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर शिक्का मारला, तो वाळेपर्यंत फुंकर घातली.

रजिस्टरात एक रकाना होता, देणाऱ्याच्या नावाचा. मी अप्पांचं नाव लिहायला लेखणी टेकवली तेव्हा मोहतमीमसाहेब मागे उभे होते. ते मृदूपणे म्हणाले की जलसा आणि सगळा संग्रह डॉक्टरसाहेबांच्या नावाचा आहे, त्यांची मेमसाहेब रजिस्टर पाहणार, मधेच दुसरं नाव बरं दिसणार नाही. "एक ही जखीरा है, एक ही नाम चलने दो. बाद में देख लेंगे." मी डॉक्टरचं नाव लिहिलं. भाषेच्या रकान्यात तिबेटी लिहिलं. वरच्या ओळीत तेच होतं, खालच्या ओळीत तेच होतं. मला त्यात काही वाटलं नाही. चढली ना, एवढंच डोक्यात होतं.

लामाजींनी पोथी पाहिली. सोडली, दोन पानं उलटली, पुन्हा बांधली आणि कपाळाला लावली. "यह हमारा नहीं," ते म्हणाले. "यह किसी का घर का है." मी म्हणालो, माझ्याच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टॉवेल उचलून बाहेर गेलो.

जलसा चांगला झाला असं सगळे म्हणाले. लामाजींनी आदल्या दिवशी बसून लोण्याची रंगीत फुलं केली होती, त्यांच्या मठात सणाला करतात तशी. हैदराबादच्या उन्हात दुपारपर्यंत ती ताटात वितळून गेली आणि पाहुणे येण्याआधी नोकरांनी ती पुसून काढली. लामाजींना पंख्याखाली गालिच्यावर बसवलं. त्यांनी मंत्र म्हटले, आणि उमराव एकमेकांशी बोलत होते. मी काचेच्या कपाटापाशी उभा होतो. एक साहेब आमच्या पोथीपाशी वाकले, बायकोला म्हणाले, "ल्हासा की है." मी छाती काढून उभा राहिलो. आज लिहितानाही लाज वाटते.

आठवड्यानं लामाजी गेले. महिन्यानं मी पोथी मागितली.

मोहतमीमसाहेबांनी रजिस्टर उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि दुःखानं मान हलवली. नाटक नव्हतं ते. माणूस सज्जन होता. रजिस्टरातली चीज बाहेर काढायला कमिटीची मंजुरी लागते. कमिटी विचारणार, डॉक्टरांची चीज या अहलकाराला का द्यायची? मी म्हणालो, भाषा पाहा, कानडी आहे. ते म्हणाले, भाषेचा रकाना दुरुस्त होईल. पण डॉक्टर पंधरा वर्षं दख्खनमध्ये राहिले, त्यांनी इथंच कुठं विकत घेतली नसेल कशावरून? आणि लिहिलंय कुणाच्या हातचं? मी आपल्याच अक्षराकडे पाहत राहिलो. पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव होतं म्हणे, पण ते पान आजोबांच्या काळातच गळालं होतं. लामाजींना पत्र टाकलं, ते परत आलं. ते वर आपल्या देशात निघून गेले होते.

श्रावण आला. अप्पांनी मठात सांगितलं, पोथी सरकारनं मानानं ठेवून घेतलीय. लोकांनी कौतुक केलं. अप्पांनी महिनाभर तोंडपाठ पुराण सांगितलं आणि गावानं एक वर्ष ते चालवून घेतलं. पण नेम तो नेम. दुसऱ्या एका घरात छापील पोथी आली होती. अक्कानं लिहवून घेतलं, "औंदा पोथी न्हाई आली तर मान जातो. अप्पा जेवत न्हाईत." तेवढं वाचून मी पुन्हा मोहतमीमसाहेबांकडे गेलो आणि इरेला पेटल्यासारखा बोललो. म्हणालो, माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं ही पोथी वाचलीय. कुठलं पान कुठं फाटलंय, कुठं तेलाचा डाग आहे, त्यांना माहीत. त्यांच्यासमोर ठेवा, मग बोला.

ते म्हणाले, "बुलवा लो. अगर पहचान लें तो मैं खुद कमिटी को लिखूंगा." ते लिहिणार होते, यात मला शंका नाही.

अप्पा आले. भीमण्णा त्यांना घेऊन आला. मोटारीतून उतरल्यापासून त्यांनी माझा खांदा धरला तो सोडला नाही. मला वाटलं शहराला बुजले. कुतुबखान्याच्या पायऱ्या ते एकेक पाय टेकवत चढले. मला वाटलं गुडघे. वाचनालयात विजेचे दिवे होते, मोठमोठ्या खिडक्या होत्या, मी म्हणालो, "बघा अप्पा, केवढं हाय." ते म्हणाले, "व्हय, लई मोटं हाय." आणि ते पाहत होते खांबाकडे.

मोहतमीमसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली. अप्पांनी खाली बसायची परवानगी मागितली. सतरंजीवर मी पाट ठेवला, पोथी ठेवली. अप्पांनी तिला हात लावला. दोरी सोडली, कापड उलगडलं, फळी बाजूला केली. डोळे मिटून नमस्कार केला आणि पहिलं पद सुरू केलं. वाचनालयात बोलायची बंदी. चारी बाजूंनी लोक माना वर करून पाहू लागले. कुणी ओरडलं नाही. अप्पांचा आवाज तसाच होता, मठातला. त्यांनी पद संपवलं आणि सवयीनं मराठीत अर्थही सांगू लागले, त्या शेरवान्यांसमोर. पान उलटलं, दुसरं पद घेतलं. मी मोहतमीमसाहेबांकडे विजयानं पाहिलं.

साहेब माझ्या कानाशी आले. म्हणाले, पाठ असणं वेगळं आणि पोथी ओळखणं वेगळं. दुसऱ्या ग्रंथाचं एक पान मधे ठेव. ते आपलं नाही म्हणाले, की माझा कागद तयार.

मला हसू आलं. इतकं सोपं! मी कपाटातून एक तिबेटी ग्रंथ काढला, साधारण त्याच मापाचा, त्याचं एक पान घेतलं. ठशांनी छापलेलं, वरपासून खालपर्यंत तिबेटी. लहान मुलालाही फरक कळला असता. अप्पांनी पान उलटून बाजूला ठेवलं, तेवढ्यात मी माझ्या हातानं ते त्यांच्यासमोर सरकवलं आणि वाट पाहू लागलो.

अप्पांनी पानावर बोटं फिरवली. क्षणभर थांबले. मग तिसरं पद सुरू केलं. आमचं, कानडी. ओळींवरून बोट डावीकडून उजवीकडे नेत, मान डोलवत, एकाही अक्षराला न अडखळता ते त्या तिबेटी पानावरून आमचं पुराण वाचत राहिले.

मी त्यांच्या डोळ्यांकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर दुधासारखी साय होती.

मोहतमीमसाहेबांनी त्यांना मधे तोडलं नाही. पद संपेपर्यंत मान खाली घालून उभे राहिले. मग मला फक्त एवढंच म्हणाले, "माफ करना." अप्पांना चहा पाजला, टांगा बोलावून दिला. पोथी मी बांधली आणि कपाटात ठेवली. तिबेटी पानही त्याच्या जागी ठेवलं. तेवढं काम मला येत होतंच.

बाहेरच्या पायऱ्यांवर भीमण्णा टांगेवाल्याशी बोलत होता. अप्पांनी विचारलं, "काय म्हनले साएब?"

मी सांगितलं. त्यांना लपवून काय उपयोग होता?

त्यांनी बोटं एकमेकांवर घासली. "हाताला खरबरीत लागलं मला," म्हणाले. "वाटलं, ह्ये आपलं न्हवं. पर म्हनलं, शिवूनं ठिवलंय. मग आपलंच असंल."

मी विचारलं, कधीपासून दिसत नाही? म्हणाले, चार-पाच वर्षं झाली असतील. मठात पोथी अक्का लावून द्यायची, कोणतं पान वर आहे ते डाग-फाटीवरून ओळखून कानात सांगायची. एकेका पानाला किती पदं ते त्यांना पाठ. गावात कुणाला पत्ता नव्हता. पोथी समोर असली की झालं. पोथी होती तोवर कुणी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. मी नेली आणि त्यांचं पांघरूणच काढून नेलं.

"मला कामून सांगितलं न्हाईत, अप्पा?"

त्यांना प्रश्नच कळला नसावा, इतक्या साधेपणानं ते म्हणाले, "तू चार रोजासाठी येतूस. त्येच्यात काय सांगायचं तुला?"

त्या वर्षी श्रावण लागायच्या आधी अप्पांनी मठात उभं राहून सांगितलं की आपले डोळे गेलेत, मान दुसऱ्या घराला द्यावा. कुणी त्यांना तसं करायला लावलं नव्हतं. पुढे ते पुराणाला गेले, खांबाला टेकून मागे बसायचे. दोन वर्षांनी गेले. मी पोचलो तोवर त्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिलेली होती.

मग रझाकारांचं वर्ष आलं. गावची निम्मी माणसं सोलापूरच्या बाजूला गेली, अक्काही मुलांना घेऊन गेली आणि मला ते ती परत आल्यावर कळलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल संपला. मोहतमीमसाहेब नोकरी सोडून कुठं गेले कुणास ठाऊक. नवे साहेब आले. त्यांनी हुकूम काढला, उर्दू रजिस्टरं इंग्रजीत उतरवा. तिबेटी विभाग माझ्याकडे. उतरवणार मी, तपासणार मी, खाली सही माझी.

आता मी ते सांगतो, अक्का, जे तुला कुठल्याच पत्रात सांगितलं नाही. त्या ओळीपाशी मी आलो. जुन्या रजिस्टरातलं माझंच अक्षर. विचारणारं कुणी नव्हतं. देणाऱ्याच्या रकान्यात अप्पांचं नाव लिहिलं असतं, पोथी काखेत मारून हुमनाबादची मोटार धरली असती तरी चाललं असतं. मी भाषेच्या रकान्यात कानडी लिहिलं. देणाऱ्याच्या रकान्यात डॉक्टरचं नाव लिहिलं. जसंच्या तसं.

भीती म्हणशील तर ती थोडी होती. पण खरं कारण ते नव्हे. नव्या साहेबांनी कधी विचारलं असतं, हे नाव कसं बदललं, तर मला ती सकाळ सांगावी लागली असती. अप्पा सतरंजीवर बसलेत, मी पान सरकवतोय, ते वाचतायत. ते मला कुणाही साहेबाला सांगायचं नव्हतं. तुलाही आज पहिल्यांदाच सांगतोय. तू समजत होतीस की साहेबांनी दगा दिला. दगा कुणी दिला नाही गं. ते पान मी ठेवलं.

तू दर पत्रात विचारतेस, पोथी कधी आणतोस. आणली तरी वाचणार कोण? तुला अक्षर येत नाही, मला येत नाही. दुसऱ्या घरातली छापील पोथी चांगली चालू आहे. आणायचीच असेल तर मी आणीन, पण तो मान परत येईल असं मनात धरू नकोस.

इथं सिकंदराबादच्या बाजूला मी दोन खोल्या घेतल्यात. मुलं उर्दू-इंग्रजी बोलतात, मंठाळ कुठं आहे ते त्यांना नकाशावर दाखवावं लागतं. लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? मी मंठाळ सांगतो आणि सांगताना जीभ अडते. ज्या घरात बापाचे डोळे गेलेले लेकापासून पाच वर्षं लपवता येतात, ते त्या लेकाचं घर म्हणायचं का? त्या पाच वर्षांत तुम्ही मला पाठवलेली प्रत्येक चिठ्ठी मी जपून ठेवलीय. सगळ्या तू मास्तरांकडून लिहवून घेतलेल्या. ती एक पोथीची सोडली तर प्रत्येकीत आहे, इकडे सर्व खुशाल. पाहुण्याला सांगतात तसं.

परवा तुझं पत्र आलं. त्यातही तेच आहे. भीमण्णा मागच्या महिन्यात इथं येऊन गेला, तो बोलता बोलता म्हणाला की तू हल्ली चुलीपाशी बसत नाहीस, सून करते सगळं. मी विचारलं, कामून? तर तो गडबडला आणि विषय बदलला.

अक्का, मला खुशाली नको. चुलीपाशी का बसत नाहीस ते लिहव. हाताला काय झालंय की डोळ्यांना, सून नीट वागते की नाही, सगळं लिहव, वाईट असलं तरी. तसं पत्र आलं तर मी समजेन की मंठाळात मला अजून घर आहे. नाही आलं, तर पुढच्या वेळी कुणी विचारलं की मी सरळ सांगीन, मी हैदराबादचा.